जुनी बस घेताना

जुनी बस घेऊन तिचं फिरतं वाचनालय किंवा नाश्त्याचं दुकान करावं, असं अनेकांच्या मनात येतं. पण नव्या रंगाला भुलू नका.

आधी कागद बघा. एसटीसह सरकारी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर चालू ठेवता येत नाही, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. खासगी गाडी असेल, तर चासीवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का, ते पाहा.

मग गाडीखाली शिरा. भंडाऱ्याचा पाऊस धानाला मानवतो, लोखंडाला नाही. बाहेरचा पत्रा बदलता येतो. चासी कुजली तर पैसे पाण्यात. लहान हातोडीनं ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक; भद्द आला, पापुद्रे सुटले, तर आत गंज आहे. चाकांवरची फरशी आणि पायऱ्या आधी सडतात. छतावर पाणी ओतून गळती बघा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. गरम इंजिन दोष झाकतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल, तर पाणी आत शिरत असावं. हवेचा दाब भरला की इंजिन बंद करा. काटा भराभर उतरला, तर ब्रेकची हवा गळते आहे.

शेवटचं, पण महत्त्वाचं: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत असे बदल करण्याआधी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. बयाणा देण्याआधीच तिथे चौकशी करा. नाहीतर बस सजेल, पण दारातच उभी राहील.