एकाच आडनावाच्या दोन फायली

एका कविमित्राच्या निधनानंतर त्याचा मुलगा सीडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, यात कविता आहेत असं अब्बा सांगायचे. पण काही उघडतच नाही." मित्राच्या वह्या पुराच्या पाण्यात गेल्या होत्या. शेवटच्या वर्षांतले जे काही उरले असेल, ते या सीडीतच. तीत दोन फायली होत्या आणि दोघींचे आडनाव एकच : डॅट.

फाइलच्या नावात टिंबानंतर जी दोन-चार अक्षरे येतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. मी त्याला आडनाव म्हणतो. विंडोज मुख्यतः या आडनावावरच विसंबते. अमुक आडनाव आले की तमुक प्रोग्रॅमकडे पाठवा, अशी नोंद तिथे असते. व्हीसीडीवरच्या चित्रफितीही डॅटच असतात. गाणी पाहण्यासाठी मी कधीकाळी 'नेहमी यातच उघडा' अशी खूण करून ठेवली होती. त्यामुळे दोन्ही फायली व्हिडिओ प्लेअरकडे गेल्या. पहिलीत मुशायरा दिसू लागला. दुसरी वाजेना. "खराब झाली असेल," मुलगा म्हणाला.

मला ते पटेना. माझे नाव वाचून लोक मला उर्दूतला कवी समजतात आणि दोन ओळी ऐकल्यावर चकित होतात. नावावरून माणूस ओळखण्याचा हा अनुभव गाठीशी असल्यामुळे म्हटले, हिच्याही दोन ओळी ऐकू.

बहुतेक फायलींच्या सुरुवातीलाच ओळखीची खूण असते. जाणकार तिला मॅजिक नंबर म्हणतात. पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते. झिप फाइल 'पीके'ने. ही झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. युनिक्समध्ये तर 'फाइल' नावाची आज्ञा 1973 पासून आहे. ती आडनाव न विचारता आतले बाइट वाचते. लिनक्सवरच्या ग्नोम, केडीई यांसारख्या डेस्कटॉपवर आधी नाव पाहतात आणि एका आडनावाचे दोन दावेदार निघाले की आत डोकावतात.

अर्थात खूणही कधी फसवते. 2007 पासूनची वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे मुळात झिपचे गाठोडेच. तीही 'पीके'नेच सुरू होते. तेव्हा गाठोडे सोडून आतल्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात.

बाइट दाखवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये मी दोन्ही फायली उघडल्या. मुशायऱ्याच्या फाइलीत सुरुवातीला 'रिफ' आणि थोडे पुढे 'सीडीएक्सए' अशी अक्षरे होती. विंडोजमध्ये उतरवून घेतलेल्या व्हीसीडीची ही खूण. दुसरीची सुरुवात वेगळीच होती : ७८, ९एफ, ३ई, २२. ही चित्रफीत नव्हतीच. काही ई-मेल प्रोग्रॅम जोडलेली फाइल एका बंद पाकिटात घालून पाठवतात आणि दुसऱ्या टोकाच्या प्रोग्रॅमला ते फोडता आले नाही, तर ते पाकीटच डॅट नावाने हाती येते. बहुधा मित्राने कुणाला तरी, किंवा स्वतःलाच, मेल केली असावी. असली पाकिटे फोडणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आत वर्डची जुनी डॉक फाइल निघाली. तिची खूण डी०, सीएफ, ११, ई०. ही रोमन लिपीत लिहून शून्याला 'ओ' आणि एकाला 'आय' किंवा 'एल' समजून वाचले, तर 'डॉकफाइल' असे काहीसे दिसते! प्रोग्रॅमरांनाही श्लेषाचा नाद असतो तर.

फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. वर्डने प्रकार बरोबर ओळखला होता. भाषा मात्र नाही. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांमध्ये 'क'साठी स्वतंत्र संकेत नसे. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे. फॉन्ट काढून घेतला की संगणकाच्या लेखी तो इंग्रजीच मजकूर. युनिकोडमधल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो.

फाइलीत फॉन्टचे नाव शाबूत होते. ज्या छापखान्यात मित्राचा पहिला संग्रह झाला, तिथल्या जुन्या संगणकावर तो फॉन्ट मिळाला. तो बसवून फाइल पुन्हा उघडली. एकोणतीस कविता. मुलगा खुर्ची ओढून जवळ बसला आणि पहिलीच मोठ्याने वाचू लागला.