पुरुष-संप्रेरकाचा उपचार : गुणाबरोबर दोषांचीही नोंद हवी

राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर हे मुळातच पेठेचे गाव. सकाळी दुकान उघडले की रात्री रोकड जुळेपर्यंत व्यापारी गादीवरून फारसा उठत नाही. जेवण घाईचे, झोप अपुरी आणि चालणे काय ते घर ते दुकान एवढेच. पन्नाशी ओलांडता ओलांडता पोट सुटते, रक्तातील साखर वाढते, दुपारी डोळे मिटू लागतात, स्वभाव चिडचिडा होतो आणि दांपत्यजीवनातील ओढही ओसरते. साखरेविषयी चारचौघांत बोलले जाते. शेवटच्या तक्रारीविषयी मात्र आपल्या घरांत कोणी अक्षर काढत नाही.

या मौनात मग मोबाइलवरील जाहिरात बोलू लागते. व्यायामशाळेतील एखादा ओळखीचाही बोलतो : ‘तुमचे टेस्टोस्टेरॉन उतरले आहे, इंजेक्शन घ्या, तरुण व्हाल.’ वस्तुतः टेस्टोस्टेरॉन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध आहे. ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याला ते निश्चित उपयोगी पडते. परंतु त्याचे दुष्परिणामही तितकेच खरे आहेत. त्यांतील बहुतेक वेळीच ओळखता येतात आणि आवरताही येतात. अट एकच, उपचार घरापासून आणि डॉक्टरांपासून लपवलेला नसावा.

औषधाचे मूळ

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांच्या वृषणांत तयार होणारे संप्रेरक. स्नायू, हाडे, तांबड्या रक्तपेशी, कामेच्छा आणि उत्साह यांच्याशी त्याचा संबंध असतो. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य लाभल्याचे जाहीर केले. हे संप्रेरक पाण्यात विरघळत नसल्याने त्या अर्कात ते नगण्यच होते. जाणवले ते मनाच्या विश्वासाचे फळ होते. आजही अनेकांना पहिल्या इंजेक्शननंतर दुसऱ्याच दिवशी जो ‘फरक’ वाटतो, त्याचा विचार करताना ही घटना आठवावी.

१९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयार करण्याची रीतही सापडली आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बुटेनांट व रुझिका यांना मिळाले. अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकास पुढील गोष्ट महत्त्वाची वाटेल. आता हे औषध मिळवण्यासाठी प्राण्यांची वृषणे लागत नाहीत. सोयाबीनसारख्या वनस्पतींतील घटकांपासूनही ते बनवले जाते. इंजेक्शनातील माध्यम तीळ, एरंडी किंवा शेंगदाण्याचे तेल असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याने ते आधीच सांगावे. तोंडावाटे घ्यायच्या मऊ कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. खाद्यपदार्थांप्रमाणे औषधांवर हिरवे-तपकिरी चिन्ह छापणे सक्तीचे नाही. त्यामुळे व्रती कुटुंबाने डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि जेल किंवा इंजेक्शन हा पर्याय निवडावा.

गरज कोणाला?

एका तपासणीवर हा उपचार कधीही सुरू करू नये. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वाधिक असते व दिवस चढेल तशी उतरते. म्हणून सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासावे लागते. दोन्ही वेळा पातळी कमी आली आणि लक्षणेही असली, तरच निदान पक्के होते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरांत सकाळची उपाशी तपासणी सहज साधते. मात्र पर्युषण किंवा दशलक्षण पर्वातील सलग उपवासांच्या काळात, तसेच ताप अथवा अन्य आजारपणात ही तपासणी करू नये. त्या दिवसांत पातळी तात्पुरती खाली येते आणि निदान चुकते.

थकवा म्हणजे टेस्टोस्टेरॉनची कमतरता, असेही समीकरण नाही. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते. थायरॉइड, मधुमेह, रक्तक्षय, नैराश्य, अपुरी झोप ही कारणेही तपासावी लागतात. स्थूल व्यक्तीने वजन घटवले तर टेस्टोस्टेरॉन पुष्कळदा आपोआप वाढते. या मार्गाला दुष्परिणाम नाहीत.

प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात, आटोक्यात नसलेला हृदयदौर्बल्याचा विकार, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, उपचार न केलेला तीव्र निद्राश्वासरोध आणि आधीच घट्ट असलेले रक्त, यांपैकी काहीही असल्यास हा उपचार सामान्यतः सुरू करत नाहीत.

सून निर्दोष असते तेव्हा

या उपचाराचा सर्वांत कमी माहीत असलेला आणि घराला सर्वांत जास्त पोळणारा परिणाम म्हणजे वंध्यत्व. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदू वृषणांना पाठवायचा आदेश थांबवतो. त्यामुळे वृषणे आक्रसतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते किंवा पूर्ण थांबते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनचा पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अभ्यास केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू शून्यावर आले.

आता एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कोल्हापूर-सांगली हा तालमींचा मुलूख; शरीर कमावण्याची हौस येथे नवी नाही. लग्नाला तीन-चार वर्षे झालेला मुलगा व्यायामशाळेत कोणाच्या तरी सल्ल्याने इंजेक्शने घेतो. दंड भरतात, छाती रुंदावते. घरच्यांना कौतुक वाटते. पाळणा मात्र हलत नाही. सुनेच्या सोनोग्राफी होतात, रक्ततपासण्या होतात, नवस आणि टोमणे दोन्ही तिच्याच वाट्याला येतात. मुलाची वीर्यतपासणी कोणी सुचवत नाही, आणि मुलगा इंजेक्शनचे नाव काढत नाही. जिच्यात काहीही दोष नाही तिच्यावर असा आरोप राहू देणे ही वाणीची आणि मौनाची हिंसाच होय.

म्हणून मूल हवे असलेल्या पुरुषाने हा उपचार घेऊच नये. खरोखर कमतरता असल्यास वृषणांचे काम चालू ठेवणारी अन्य औषधे असतात. ती हार्मोनतज्ज्ञ ठरवतात. इंजेक्शने घेतली गेली असतील तर डॉक्टरांना सत्य सांगावे. औषध थांबवल्यावर बहुतेकांत शुक्रजंतू परत येतात, पण त्यास काही महिने, कधी दोन वर्षांपर्यंतचा काळ लागतो. अपत्यप्राप्तीच्या तपासण्यांत पतीची वीर्यतपासणी आरंभीच व्हावी, एवढा नियम प्रत्येक घराने पाळला तरी पुष्कळ अश्रू वाचतील.

घट्ट होणारे रक्त

वैद्यकीयदृष्ट्या वरचेवर आढळणारा दुष्परिणाम म्हणजे तांबड्या पेशींची वाढ. रक्ताच्या अहवालात हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही या नावाने हा आकडा येतो. उपचारापूर्वी, सुरू केल्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तो पाहावा लागतो. तो ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास औषध थांबवतात आणि आकडा उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. इंजेक्शनने हा त्रास जेलपेक्षा अधिक होतो, म्हणून कधी प्रकारही बदलतात. घोरणे व झोपेत श्वास अडकणे हेही यामागे असू शकते. पत्नीने ते पाहिले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

निर्जळ उपवासात शरीरातील पाणी घटते आणि हा आकडा आणखी चढतो. उपचार चालू असणाऱ्याने चातुर्मासातील दीर्घ उपवासांपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि गुरूंनाही प्रकृतीची कल्पना द्यावी. शक्तीनुसार तप ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे.

महावीर जयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त दिले की आकडा उतरेल, असा विचार काही जण करतात. रक्तदान हे पुण्यकर्म आहे, पण तो मात्रा चुकल्यावरचा उतारा नव्हे. आकडा पुन्हा वाढतो आणि वारंवार रक्त दिल्याने शरीरातील लोह मात्र संपते. शिबिरात नाव नोंदवताना उपचाराची माहिती देणे हे कर्तव्यच आहे.

जेल, पूजा आणि नातवंडे

जेल खांद्यावर किंवा दंडावर चोळायचे असते. वाळण्यापूर्वी, किंवा उघड्या त्वचेचा स्पर्श झाल्यास, ते दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकते. लहान मुलांत अकाली केस येणे, जननेंद्रियांची वाढ आणि आक्रमक वर्तन अशी लक्षणे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये या जेलवर ठळक इशारा छापण्यास लावले. गर्भवती स्त्रीलाही हा स्पर्श घातक आहे.

आपल्याकडे अभिषेक-पूजेसाठी पुरुष धोतर-दुपट्यात, उघड्या खांद्याने असतात. घरी नातवंडे अंगाखांद्यावर खेळतात. तेव्हा स्नान आणि पूजा आटोपल्यावरच जेल लावावे, ते वाळू द्यावे, वर बाह्यांचा सदरा घालावा आणि हात साबणाने धुवावेत. मुलाला उचलून घ्यायचे असेल तर ती जागा झाकलेली किंवा धुतलेली असावी. टॉवेल व सदरा वेगळा ठेवावा.

कॅप्सूल स्निग्ध जेवणाबरोबरच नीट शोषली जाते. दिवसातून दोनदा घ्यायची असल्यास दुसरी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासोबत घ्यावी. उपवासाच्या दिवसाचे काय, ते डॉक्टरांना आधीच विचारावे. या प्रकाराने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो नियमित मोजावा.

दोन-तीन आठवड्यांच्या इंजेक्शनने पहिल्या दिवसांत उसळी आणि शेवटी मरगळ असा चढउतार होतो. घरच्यांना तो रागाच्या रूपात जाणवतो. मात्रा कमी करून अंतर घटवल्यास तो आवरतो. दहा ते चौदा आठवड्यांच्या दीर्घ इंजेक्शननंतर क्वचित तेलाचे सूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन एकाएकी खोकला किंवा धाप लागते. म्हणून ते हळू टोचून घ्यावे आणि त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे.

हृदय, प्रोस्टेट आणि इतर

हृदयविकाराचा धोका असलेल्या ५ हजारांहून अधिक पुरुषांवरील मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के आढळले. हा दिलासा आहे. मात्र त्याच अभ्यासात हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसातील गुठळी आणि मूत्रपिंडाची तीव्र इजा औषध घेणाऱ्यांत अधिक दिसली. ही माणसे खरोखर कमतरता असलेली आणि देखरेखीखाली होती, हेही विसरू नये. व्यायामशाळेतील मनमानी मात्रेला हा दिलासा लागू नाही.

प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी उपचारापूर्वी आणि नंतर वर्षाच्या आत करतात. वर्षभरात तो १.४ पेक्षा अधिक वाढला, किंवा ४ च्या वर गेला, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. लघवीची धार मंदावणे किंवा रात्री वारंवार उठावे लागणे हेही सांगावे. तेलकट त्वचा व मुरुमे बहुधा मात्रा कमी केल्यावर ओसरतात. छातीला गाठ किंवा दुखरेपणा आल्यास मनाने गोळ्या घेऊ नयेत. पायांना सूज येत असल्यास पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठ आधी कमी करावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, एकाच पायाची दुखरी सूज, तोंड वाकडे होणे किंवा हातातील बळ जाणे, यांपैकी काहीही झाल्यास दुकान तसेच सोडून मिरज, सांगली किंवा कोल्हापूरचे रुग्णालय गाठावे. जयसिंगपूरहून ही तिन्ही ठिकाणे आटोक्यात आहेत. संकोचात घालवलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

नोंद आणि विश्वास

व्यापारी माणूस रोजमेळाची एक नोंद चुकवत नाही. या उपचाराचीही अशीच एक वही असावी. औषधाचे नाव, मात्रा, तारीख, रक्तदाब, हिमॅटोक्रिट, पीएसए आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी तीत लिहावी. दात काढताना, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा विम्याचा अर्ज भरताना ती दाखवावी. औषध एकाएकी बंद करू नये. शरीराची स्वतःची निर्मिती पुन्हा सुरू होण्यास वेळ लागतो आणि मधल्या काळात मोठी मरगळ येते. तीन-सहा महिन्यांत लक्षणांत काहीच फरक नसेल, तर उपचार चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

ही वही कपाटात कुलूपबंद नसावी, पत्नीला तिची जागा ठाऊक असावी. पुरुषाचे बळ उतरले हे सांगण्यात कमीपणा वाटतो, हे खरे. परंतु ज्या घरात नफ्याइतक्याच सरळपणे तोट्याविषयीही बोलता येते, त्या घरात असे उपचार सुरक्षित राहतात, आणि सुनेच्या माथी न केलेला दोषही येत नाही.