बॅलेचा डौल आणि पायांवरचा भार : नर्तकांना दुखापती का होतात?

मुंबई : पायाच्या अंगठ्याच्या टोकावर तोललेले शरीर, बाहेरच्या दिशेने वळलेली पावले आणि जमिनीवर आवाज न करता उतरणारी उडी ही बॅले या पाश्चात्त्य नृत्यप्रकाराची ओळख मानली जाते. प्रेक्षकाला सहज वाटणाऱ्या या हालचालींचा संपूर्ण भार खुबा, गुडघा, घोटा आणि पाऊल यांच्या साखळीवर पडतो. त्यामुळेच बॅले नर्तकांच्या बहुतांश दुखापती कमरेखालच्या भागात होतात. त्यांतील अनेक एखाद्या अपघाताने होत नाहीत, तर रोजच्या सरावातून हळूहळू साचत जातात.

मुंबईला बॅले अपरिचित नाही. १९२८ मध्ये रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांचा कार्यक्रम येथे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला. पुढे रुक्मिणीदेवींनी काही काळ बॅलेचे शिक्षणही घेतले. १९५२ मध्ये शांती बर्धन यांनी मुंबईत स्थापन केलेला आणि नंतर ग्वाल्हेरमार्गे भोपाळला स्थिरावलेला ‘लिटल बॅले ट्रूप’ मात्र नृत्यनाट्याच्या भारतीय परंपरेतला. अभिजात बॅलेकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले ते नवी मुंबईच्या अमिरुद्दीन शाहने. २०१७ मध्ये तो लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्या आणि मनीष चौहानच्या प्रवासावरून प्रेरित ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० मध्ये आला. अशी उदाहरणे पाहून वर्गात येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने शरीराचे यंत्रशास्त्र समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

खुबा वळत नसेल, तर गुडघा पिळतो

बॅलेचा पाया म्हणजे ‘टर्नआउट’. टाचा जुळवून दोन्ही पावले विरुद्ध दिशांना वळवायची आणि त्यांच्यामध्ये शक्यतो १८० अंशांचा कोन साधायचा, हा त्याचा आदर्श. हे वळण प्रामुख्याने खुब्यातून येणे अपेक्षित असते. परंतु खुब्याच्या खोबणीची दिशा आणि मांडीच्या हाडाचा पीळ जन्मतः प्रत्येकाचा वेगळा असतो. वाढीच्या वयात त्यात थोडाफार बदल होतो. त्यानंतर मात्र सरावाने स्नायू बळकट होतात, हाडाची ठेवण बदलत नाही.

उरलेला कोन भरून काढण्यासाठी अनेक विद्यार्थी गुडघे वाकवून पावले जमिनीवर हवी तशी वळवतात आणि मग पाय सरळ करतात. जमिनीच्या घर्षणाने पाऊल जागीच राहते, मांडी मात्र आत वळू पाहते. या दोहोंमध्ये पिळला जातो तो गुडघा. त्याच वेळी पावलाची कमान आत कलते आणि कंबर पुढे झुकते. एका सांध्याची मर्यादा इतर तीन ठिकाणच्या दुखण्याला अशी कारण होते.

टोकावरचा तोल

‘पॉइंट’ बुटांत सगळे वजन बोटांच्या टोकांवरील अत्यंत लहान पृष्ठभागावर येते. घोटा पूर्ण ताणला गेला की त्याच्या मागील बाजूची हाडे एकमेकांवर दाबली जातात. तेथूनच अंगठ्याकडे जाणारी कंडरा सतत घासून सुजते. अंगठ्याशेजारच्या बोटामागील लांब हाड बुडाशी घट्ट अडकलेले असल्याने वारंवार पडणारा ताण तेथे एकवटतो आणि हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. उडीवरून उतरताना तर पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बल येते. पाऊल किंचित बाहेर कलंडले तरी घोटा मुरगळतो. बॅलेतील अचानक होणाऱ्या दुखापतींमध्ये याचे प्रमाण मोठे आहे.

जमीन, आहार आणि विश्रांती

लाकडी लवचीक तळ उतरण्याचा काही धक्का शोषून घेतो. फरशी किंवा सिमेंटच्या जमिनीवर तो नडगी आणि पावलाला सोसावा लागतो. अनवाणी तत्कार करणाऱ्या कथक नर्तकांना आणि अरमंडीत खुबे बाहेर वळवणाऱ्या भरतनाट्यमच्या विद्यार्थ्यांनाही ही बाब तितकीच लागू आहे.

कृश दिसण्याच्या हव्यासापायी आहार तोडणे हे आणखी एक कारण. श्रमाच्या मानाने ऊर्जा कमी पडल्यास मुलींची मासिक पाळी अनियमित होते, हाडांची घनता घटते आणि तडे भरून येण्यास विलंब लागतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची स्वतंत्र दखल घेतली असून ती पुरुषांमध्येही आढळते.

पालकांनी काय पाहावे?

पॉइंट बूट साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास दिले जातात. तथापि, वय हा एकमेव निकष नाही. काही वर्षांचा नियमित सराव, घोट्याची ताकद आणि एका पायावर स्थिर राहण्याची क्षमता या बाबी आधी तपासणे आवश्यक असते. हाडावर एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे, रात्री ठणकणारी वेदना, लंगडणे किंवा विश्रांतीनंतरही न उतरणारी सूज ही लक्षणे दिसल्यास सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडा भौतिकोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे.

दुखणे लपवून रंगमंचावर उभे राहणे हा नृत्यक्षेत्रात अनेकदा निष्ठेचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात वेळीच घेतलेली काही आठवड्यांची विश्रांती पुढची अनेक वर्षे वाचवू शकते. खुबा जेवढा वळतो तेवढेच पाऊल वळवावे, हा साधा नियम पहिल्याच वर्गात शिकवला गेला, तर यांतील बऱ्याच दुखापती टाळता येतील.