तंबूतला गांजा अंगणात येतो तेव्हा

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 रोजी गांजा कायदेशीर झाला आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार रोपं लावायची मुभा मिळाली. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात अनेकांनी सुरुवात केली ती तळघरात. काळ्या कापडाचा तंबू, आत एलईडी दिवा, पंखा आणि टायमर. दोन-तीन पिकं नीट निघाली, विजेची बिलंही बघून झाली, की नजर मागच्या अंगणाकडे जाते. एवढं ऊन फुकट पडतंय, मग दिवा कशाला जाळायचा?

प्रश्न रास्तच आहे. घोटाळा होतो तो तंबूतलं ज्ञान जसंच्या तसं बाहेर नेल्यामुळे. आत ऋतू, दिवस, रात्र, वारा सगळं आपण ठरवलेलं असतं. बाहेर रोप पंचांगावर चालतं, आणि नवशिक्याचे निम्मे गैरसमज पंचांगाकडे दुर्लक्ष केल्यानेच होतात.

पुढचं सगळं दक्षिण ओंटारिओ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. भारतात गांजाची लागवड 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुणी हा लेख वाचून पुण्यातल्या गच्चीत कुंडी मांडू नये.

"मे उजाडला, ऊन तापलं, की रोपं बाहेर काढायची."

थंडीची गोष्ट इथल्या बागकाम करणाऱ्यांना पाठ असते. 25 मेच्या आधीच्या सोमवारी येणारी व्हिक्टोरिया डेची सुट्टी होईपर्यंत टोमॅटो, मिरची बाहेर लावायची नाही, कारण तोवर एखादी रात्र गोठवणारी निघू शकते. गांजालाही तोच नियम. पण नुसता पारा बघून चालत नाही. इथे खरी मेख रात्रीच्या लांबीची आहे.

गांजा हे लहान दिवसांचं पीक. 1920 मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं, की काही झाडं फुलोऱ्यावर कधी यायचं ते दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. त्यात मोजमाप असतं ते सलग अंधाराचं, हे पुढे कळलं. महाराष्ट्रात पॉलीहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी रात्री दिवे लावून फूल पुढे ढकलतात, ते याच तत्त्वावर. तंबूतला टायमरही तेच करतो. अठरा तास उजेड दिला की झाड नुसतं वाढत राहतं, बारा तासांवर आणलं की फुलतं.

आता हे अठरा तासांना सरावलेलं रोप मेच्या मध्यावर टोरांटोच्या अंगणात ठेवा. तिथे त्या वेळी दिवस असतो जेमतेम पावणेपंधरा तासांचा. एका रात्रीत सव्वातीन तास उजेड कमी झाला, म्हणजे हंगाम उलटला, असा अर्थ रोप काढतं आणि हातभर उंचीचं असतानाच फुलोऱ्यावर येऊ शकतं. मग 21 जूनपर्यंत दिवस लांबत साडेपंधरा तासांपाशी जातो, आणि ते गोंधळून पुन्हा पानांवर येतं. अशा रोपाची ओळख सोपी असते. पाच-सात बोटांच्या पानाऐवजी एकाच बोटाची, कडा गुळगुळीत असलेली, पिळवटलेली पानं तुऱ्यातूनच बाहेर डोकावायला लागतात. रोप मरत नाही, पण उन्हाळ्याचे कित्येक आठवडे वाया जातात, आणि इथला उन्हाळा मुळात केवढा! उपाय अगदी किरकोळ आहे. बाहेर काढायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून टायमर थोडा थोडा कमी करत पंधरा-साडेपंधरा तासांवर आणायचा.

हंगामाचं दुसरं टोकही रात्रच ठरवते. ऑगस्टच्या मध्याला इथला दिवस चौदा तासांच्या खाली उतरतो आणि बहुतेक जाती त्याच सुमाराला फुलोरा धरतात. तिथून आठ-नऊ आठवडे मोजले तर काढणी येते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे पावसाच्या, दवाच्या आणि पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीच्या तोंडावर. म्हणून आतमध्ये झकास येणारी बारा आठवड्यांची जात बाहेर हुकमी फसते. ज्यांना हे गणित नको, त्यांच्यासाठी ऑटोफ्लॉवर म्हणवल्या जाणाऱ्या जाती आहेत. त्यांच्यात रुडेरॅलिस या रशियाकडच्या रानटी गांजाचं रक्त असतं. 1924 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की यांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं. या जाती दिवस-रात्र न बघता वयावर फुलतात.

जाता जाता, पौर्णिमेच्या चांदण्याने फुलोरा बिघडतो ही भीती निराधार आहे. तेवढा उजेड फारच क्षीण असतो. घराच्या भिंतीवरचा, हालचाल दिसली की पेटणारा दिवा मात्र खरोखर बिघडवतो.

"दिव्याखाली वाढलंय, उजेडाची सवय आहेच."

घरगुती तंबूत पानांवर पडणारा उजेड साधारण सहाशे ते नऊशे मायक्रोमोल असतो. जूनमधल्या निरभ्र दुपारी सूर्याचा तोच आकडा दोन हजारांच्या घरात जातो. शिवाय नेहमीच्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतातच, त्यामुळे आत वाढलेल्या पानाची वरची त्वचा पातळ राहते. असं पान थेट दुपारच्या उन्हात ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी शिरांच्या मधला भाग आधी चमकल्यासारखा रुपेरी दिसतो आणि मग कागदासारखा पांढरा होऊन बोटांत चुरतो. पुष्कळ जण हा रंग बघून खत कमी पडलं असं समजतात आणि खताचा डोस वाढवतात. म्हणजे भाजलेल्या झाडाला वर मीठ.

नर्सरीवाले ज्याला हार्डनिंग म्हणतात, ते इथे टाळता येत नाही. आधी सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन तासभर, रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन. खिडकीत ठेवून हे काम होत नाही, कारण अतिनील किरणांतला नेमका लागणारा भाग काच अडवते. खोडाला वाऱ्याचीही सवय नसते. आत पंखा नीट फिरत असेल तर बरं, नाहीतर पहिल्या वादळात झाड आडवं.

"बाहेर निसर्ग कीड सांभाळतो."

अर्धं खरं आहे. तंबूत लाल कोळ्याला शत्रूच नसतो, म्हणून तो तिथे माजतो. बाहेर मावा आणि कोळी खायला ढालकिडे, शिकारी कोळी येतात. पण आतून नेलेल्या रोपाच्या पानामागे कोळ्याची अंडी आधीच असतील, तर आपणच पाहुणा घेऊन अंगणात शिरतो. बाहेर काढण्यापूर्वी भिंगाने पानांची मागची बाजू बघावी.

तंबूत कधीच न भेटलेली गोष्ट म्हणजे अळी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पतंग तुऱ्यांवर अंडी घालतात. त्यातली एक अळी आपल्या कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीच्याच कुळातली. ती तुऱ्यात शिरते आणि आतून खाते. बाहेरून दिसते ती फक्त मोहरीएवढी काळसर विष्ठा. त्या ओलसर विष्ठेवर बुरशी धरते आणि मग सगळा तुरा जातो.

इथे मराठी माणसाचा हात हटकून कडुनिंबाकडे जातो. आपल्याकडे निंबोळी अर्क म्हणजे पहिला उपाय, आणि शेतात तो चालतोही. पण कॅनडात कडुनिंबाचं तेल कीटकनाशक म्हणून नोंदलेलं नाही. आणि नोंद बाजूला ठेवली तरी, जे तुरे पुढे जाळून त्यांचा धूर ओढला जाणार, त्यांवर कुठलंच तेल फवारू नये. नैसर्गिक आहे म्हणून फुप्फुसाला चालतं, हा तर्क तंबाखूलाही लागू पडेल. अळीसाठी बीटी जिवाणूची फवारणी असते. ती फुलोरा भरण्याआधी, लेबलवर गांजाचं नाव असेल तरच आणि सांगितलं तेवढीच करावी.

"बुरशी आतच लागते, बाहेर हवा खेळती असते."

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. पानांवरची पांढरी भुरी दोन्हीकडे येते आणि ती डोळ्यांना दिसते. बोट्रायटिस, म्हणजे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला सडवणारी तीच करडी बुरशी, आतून सुरू होते. सप्टेंबरच्या थंड, दवाच्या रात्री तिला मानवतात. तुरा जितका घट्ट आणि भरदार, तितका आत ओलावा साचून राहतो. म्हणजे तंबूत ज्या तुऱ्याचं कौतुक केलं, तोच इथे पहिला बळी.

खूण बारीक असते. हिरव्यागार तुऱ्यात एकच छोटं पान अचानक पिवळं-तपकिरी पडतं. ते चिमटीत धरून हलकेच ओढलं की देठासकट सहज सुटून येतं. तुरा तिथे उकलून पाहिला, तर आत खोड तपकिरी, मऊ, आणि फुंकर घातली की करडी धूळ उडते. असा तुरा दिसल्या जागेच्या बराच खालून कापून पिशवीत बंद करून टाकायचा. कात्री स्पिरिटने पुसायची. वाळवून वापरू, असा मोह अजिबात नको, त्या बुरशीचे कण श्वासात जाणं धोक्याचं आहे. सप्टेंबर अखेरीस आठवडाभर पावसाचा अंदाज असेल, तर चार दिवस आधी कापलेलं पीक सडलेल्या पिकापेक्षा केव्हाही बरं.

"बाहेरचा माल हलका."

दुकानांत आत पिकवलेल्या मालाला भाव जास्त, त्यावरून हा समज पसरला. ताकद मुख्यतः जातीवर ठरते. 2023 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच वाणाची आत आणि बाहेर वाढवलेली झाडं ताडून पाहिली. बाहेरच्यांत सुगंधी टर्पीन द्रव्यांची विविधता जास्त निघाली आणि टीएचसीचं विघटन कमी. दिसायला तो माल रांगडा असतो, हे मान्य. आणि विजेचा हिशेब तर चक्रावणारा आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासानुसार अमेरिकेत एक किलो वाळलेला गांजा आत पिकवायला, ठिकाणानुसार, 2,283 ते 5,184 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं.

"जमिनीत लावलं की काळजी मिटली."

नव्या वसाहतींत बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती खरवडून नेलेली असते. पातळ हिरवळीखाली सरळ चिकणमाती लागते. जुन्या घरांत धोका वेगळाच, भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगाचं शिसं मुरलेलं असू शकतं. गांजा जमिनीतले जड धातू शोषून घेतो. या गुणामुळेच 1990 च्या दशकाच्या अखेरीस चेर्नोबिलच्या परिसरात दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी भांगवर्गीय पिकाचे प्रयोग झाले. माती तपासून घ्यावी, नाहीतर मोठ्या कापडी कुंड्या वापराव्यात. त्यांना जुलैत रोज पाणी लागतं, पावसाच्या भरवशावर राहू नये.

"माझी सगळी मादीच आहेत, बी धरणार नाही."

परागकण वाऱ्याने येतात आणि वाऱ्याला कुंपण नसतं. मोरोक्कोतल्या गांजाचे परागकण समुद्र ओलांडून स्पेनमधल्या मालागापर्यंत पोचल्याची नोंद आहे. शेजाऱ्याने एक नर ठेवला तरी आपल्या तुऱ्यांत बी भरतं. यावर उपाय शेजाऱ्याशी बोलणं एवढाच.

"माणशी चार रोपं."

घरटी चार. एका छताखाली आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा असतील तरी चारच. क्युबेकमध्ये घरी लावायला बंदीच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ती वैध ठरवली. मॅनिटोबानेही सुरुवातीला बंदी घातली होती, ती नंतर उठवली. ब्रिटिश कोलंबियात सार्वजनिक जागेवरून रोप दिसता कामा नये. तंबूतलं झाड कमरेएवढं राहतं, बाहेरचं सहज सात-आठ फुटांवर जातं आणि कुंपणावरून डोकावतं, तेव्हा जात निवडतानाच उंची बघावी. भाड्याच्या घरात करारपत्र आणि कॉन्डोत सोसायटीचे नियम वेगळे लागतात. ऑगस्ट अखेरपासून वास दोन घरं पलीकडे जातो, तो झाकता येत नाही. लहान मुलं आणि कुत्री यांच्यासाठी फाटकाला कुलूप हवंच.

"गावाकडचं बी आणलं तर अस्सल येईल."

केरळात इडुक्कीकडच्या जातींचं नाव मोठं आहे, म्हणून हा मोह होतो. इडुक्की विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवर आहे. तिथे वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपासच असतो आणि त्या जाती सावकाश, महिनोन्‌महिने फुलतात. टोरांटोत त्या सप्टेंबरात कुठे फुलायला लागतील आणि नोव्हेंबरच्या बर्फात उभ्या राहतील. त्याआधी विमानतळच आडवा येतो. गांजा, त्याचं बी किंवा त्यापासून बनलेलं काहीही परवान्याशिवाय कॅनडाच्या सीमेवरून आत आणणं किंवा बाहेर नेणं गुन्हा आहे, दोन्हीकडे कायदेशीर असलं तरी. ओंटारिओत बी आणि रोपं परवानाधारक दुकानात किंवा सरकारी ऑनलाइन दुकानात मिळतात. निवडताना नावापेक्षा फुलोऱ्याचे आठवडे बघावेत. आठ किंवा त्याहून कमी असतील, तर घ्यावं.