पेटीतली हवा
घरातून परदेशी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठीचा संकेतांक, काढून ठेवला. पाचशे रुपये फी आणि पॅनशी जोडलेला क्रमांक, त्यात फारसं अवघड काही नव्हतं. आता पहिली ऑर्डर आली आहे असं धरू. न्यू जर्सीतल्या कुणाला तरी कोल्हापुरीचा एक जोड हवा आहे. चप्पल तयार आहे, पैसेही आलेत. मग आपण फोन हातात घेतो आणि चार ओळखीच्यांना विचारतो, "सगळ्यात स्वस्त कुरिअर कुठलं?"

त्याआधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा.

परवा मी घरातला एक जोड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ६४० ग्रॅम भरला. दुकानातून येतो तशा बुटाच्या खोक्यात घातला, तेव्हा सगळं मिळून ८०० ग्रॅम. मग खोकं मोजलं : ३२ सेंटिमीटर लांब, २२ रुंद, १२ उंच. आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या या तिन्ही आकड्यांचा गुणाकार करतात आणि त्याला ५००० ने भागतात. जे येतं ते ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. माझ्या खोक्याचं उत्तर आलं १.६९ किलो. कुरिअरचे दर बहुधा अर्ध्या अर्ध्या किलोने चढतात, म्हणजे बिल दोन किलोचं. माल एक किलोच्या आतला आणि भाडं दोन किलोचं. फरकाचे पैसे खोक्यातल्या हवेचे.

मग एका चपलेची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे करून दोन्ही समोरासमोर ठेवल्या, मध्ये बटर पेपर घातला आणि २९ बाय १२ बाय ९ चं पुठ्ठ्याचं खोकं कापून बनवलं. आता आकारमानाचं वजन ०.६३ किलो आणि काट्यावरचं ७१० ग्रॅम. बिल एक किलोचं. चप्पल तीच, कंपनी तीच, गिऱ्हाईकही तेच. कोणाशीही घासाघीस न करता दोन किलोंचा एक किलो झाला.

दिवाळीत फराळ पाठवणाऱ्यांना हे गणित चांगलंच ठाऊक असतं. दोन किलो चिवडा ४० बाय ३० बाय २० च्या पेटीत भरला, की कुरिअरच्या लेखी तो ४.८ किलो होतो. बेसनाच्या लाडवाचं तसं नाही. घट्ट, गोल, जागा न अडवणारा. निर्यातीच्या दृष्टीने पाहिलं तर आपल्या फराळात लाडवाइतका गुणी पदार्थ दुसरा नाही.

आता पोस्ट. लहान विक्रेत्याला पोस्ट का परवडतं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात करार झाला आणि त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत त्यात १८७६ मध्ये आला. करारातली एक गोष्ट मला फार आवडते. ज्या देशाने तिकीट विकलं, त्याने पैसे ठेवायचे. पत्र घरपोच करणाऱ्या देशाने त्याबद्दल काही मागायचं नाही. कारण काय? पत्राला उत्तर येतंच. आज तुमच्याकडून आलं, उद्या आमच्याकडून जाईल, हिशेब आपोआप मिटेल. जवळजवळ शंभर वर्षं जगाचं टपाल या विश्वासावर चाललं.

पण सगळ्याच टपालाला उत्तर येत नाही. एक देश पाठवत राहतो आणि दुसरा वाटत बसतो. म्हणून १९६९ च्या टोकियो अधिवेशनात वाटपाचा मोबदला ठरला. त्याला ‘टर्मिनल ड्यूज’ म्हणतात. विकसनशील देशांसाठी हे दर कमी ठेवले गेले. पुढे ऑनलाइन बाजार आला आणि चीनमधून अमेरिकेत लहान पाकिटांचा पूर लोटला. आपल्याच देशातल्या दोन गावांमधल्या टपालापेक्षा चीनमधून येणारं पाकीट स्वस्त पडतं, अशी अमेरिकी व्यापाऱ्यांची तक्रार होती. २०१८ मध्ये अमेरिकेने संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं, तडजोड झाली आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकेला वाटपाचे दर स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. पोस्टाच्या खिडकीवर आपण अमेरिकेसाठी जो दर ऐकतो, त्यात या भांडणाचाही वाटा असतो.

तरीही लहान, हलक्या मालासाठी पोस्टच आधी पाहावं. ‘इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट’ ही सेवा मुळात दोन किलोपर्यंतच्या पाकिटांसाठी सुरू झाली. कुरिअर अर्ध्या किलोत विचार करतं, तर हे पाकीट ग्रॅममध्ये. लहान पाकिटाचा आंतरराष्ट्रीय नियम असा : लांबी, रुंदी, उंचीची बेरीज ९० सेंटिमीटरच्या आत आणि एकही बाजू ६० च्या वर नाही. आमचं चपलेचं खोकं ५० मध्ये बसतं. हातमागाची साडी घडी घालून बसते, गुंडाळलेलं वारली चित्रही बसतं. वेळ मात्र जास्त लागतो. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगा, नंतर सांगितलं की सबब वाटते.

पूर्वी व्यापारी माल पोस्टाने पाठवायचा तर कागद घेऊन परदेशी टपाल कार्यालय गाठावं लागे. मुंबईत ते बॅलार्ड इस्टेटला. कोल्हापूर-सावंतवाडीच्या माणसाने एका पाकिटासाठी ती वारी करायची म्हणजे पाकिटापेक्षा प्रवास महाग. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी ते बदललं. आता ‘डाक घर निर्यात केंद्रां’वर पाकीट द्यायचं आणि ‘पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट’ ऑनलाइन भरायचं. कस्टम्सवाले ते त्यांच्या जागी तपासतात. शंका आली तरच तुम्हाला विचारतात. देशात अशी हजाराहून जास्त केंद्रं आहेत. जिल्ह्याच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी केली की जवळचं कळतं.

फॉर्मवर मालाचा एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचा वर्गीकरण क्रमांक, लागतो. कोल्हापुरीवाल्यांनी इथे खूश व्हावं. चामडी तळ असलेलं, आणि वर पायाच्या उंचवट्यावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामडी पट्टे असलेलं पादत्राण, असं वर्णन जगभरच्या जकातीच्या पुस्तकात स्वतंत्र नोंदलेलं आहे : ६४०३२०. तेव्हा ‘लेदर आयटम’ असं मोघम लिहू नका. ‘गिफ्ट’ तर मुळीच नको. किंमत निम्मी लिहिण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पाकीट हरवलं तर भरपाईही त्या निम्म्या किमतीवरच मिळेल, एवढं त्यांना सांगा.

आपल्या न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाकडे परत येऊ. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पाकिटावर जकात नव्हती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी संपली. जकात कुणी आणि कशी गोळा करायची हेच स्पष्ट नव्हतं, म्हणून आपल्या टपाल खात्याने चार दिवस आधी तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. १५ ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाली, तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के जकात इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची असं ठरलं. दराचा आकडा एका जागी राहणारा नाही, म्हणून पाठवण्याच्या दिवशीचा दर खिडकीवर विचारून घ्या. पण जकात आधी भरण्याची ही पद्धत, म्हणजे ‘डीडीपी’, मला विक्रेत्याच्या सोयीची वाटते. नाहीतर दारात कुरिअरवाला उभा राहून जकात मागतो, वर त्याची हाताळणी फी. गिऱ्हाईक दार लावून घेतं आणि खोकं कोल्हापूरच्या वाटेला लागतं.

युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासूनच व्हॅट आहे. त्याआधी २२ युरोपर्यंत सूट होती. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. मोठ्या मार्केटप्लेसवरून विकत असाल तर तो तेच कापतात. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्यांनी मात्र सुरुवातीलाच या दोन बाजारांच्या मागे लागू नये, असं माझं मत.

उरला परतीचा माल. चपलेत तो ठरलेला, कारण माप. गेलेला जोड परत आला तर तो आपणच पाठवला होता हे कस्टम्सला दाखवायला ‘पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट’ची प्रत लागते, ती फाइलला लावून ठेवा. आणि ऑर्डर पक्की करण्याआधी गिऱ्हाइकाला सांगा : कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. अमेरिकन नंबर, युरोपियन नंबर यांच्या तक्त्यांपेक्षा आमच्याकडच्या कारागिरांचा त्या कागदावर जास्त भरवसा आहे. दोन्ही पायांचा फोटो मागा, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो.

(पुढच्या आठवड्यात : डॉलर बँकेत येईपर्यंत त्यातून कोण किती कापतं)