पाण्याचा ताळेबंद आणि प्रणाली विचार

प्रणाली विचार म्हणजे एखाद्या प्रश्नातल्या घटना सुट्या न पाहता, त्या घडवणारी रचना शोधण्याची पद्धत. तिला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी. ते मूळचे विद्युत अभियंता. १९५६ मध्ये ते संगणकाचे काम सोडून व्यवस्थापन शिकवू लागले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीमधील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत तेव्हा कधी तीन-चार पाळ्यांत काम चाले, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसावे लागे. खापर फुटे ते बाजारातल्या तेजी-मंदीवर. फॉरेस्टर यांनी भरतीचे आणि मालसाठ्याचे नियम वहीवर मांडून एकेका आठवड्याचा हिशेब केला. मागणी स्थिर धरली तरी कामगारसंख्येचे हेलकावे थांबत नव्हते, कारण ते कारखान्याच्या स्वतःच्याच नियमांतून निर्माण होत होते.

या पद्धतीत मुख्यतः चार गोष्टी पाहतात: साठा किती, त्यात येणारा-जाणारा प्रवाह किती, परिणाम उलटून मूळ कारणावर कसा येतो आणि त्याला किती उशीर लागतो. या उलट येणाऱ्या परिणामाला फीडबॅक म्हणतात. व्यवहारात सर्वाधिक फसगत होते ती उशिरामुळे, कारण निर्णय घेणाऱ्याला त्याचे फळ दिसेपर्यंत पुढचे चार निर्णय होऊन गेलेले असतात. फॉरेस्टर यांच्या परंपरेतील डोनेला मेडोज आणि सहकाऱ्यांनी १९७२ च्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालात हीच रीत लोकसंख्या, उद्योग, प्रदूषण आणि नैसर्गिक संपत्ती यांच्या संबंधांना लावली.

महाराष्ट्राचे भूजल हे या विचाराचे अगदी घरचे उदाहरण. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणून साठा मर्यादितच राहतो. त्याची भर पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत पडते आणि उपसा मात्र उन्हाळ्यापर्यंत चालतो. विहीर आटली की शेतकरी विंधन विहीर घेतो. त्याला पाणी लागले की शेजारच्या विहिरीची पातळी उतरते, मग शेजारीही बोअर घेतो, पहिल्यापेक्षा खोल. कर्ज काढून बोअर घेतलेला माणूस ते फेडायला जास्त पैशाचे आणि बहुधा जास्त पाण्याचे पीक घेतो. उपसा आणखी वाढतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या बांधापुरता शहाणपणाचा असतो, आणि सगळ्यांचे मिळून शिवार कोरडे पडते. अशा शेतकऱ्याला हावरट ठरवणे अन्यायाचे आहे; त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याने बोअरच घेतली असती.

तंत्रज्ञानाचे उपायही याच चक्रात सापडतात. ठिबक सिंचनाने एकरी पाणी वाचते, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ओलिताखाली आणले, तर जमिनीखालचा साठा होता तिथेच राहतो किंवा घटतो. इंधन काटकसरीने वापरणाऱ्या यंत्रांमुळे कोळशाचा एकूण खप वाढतो, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवले होते. शेततळ्याचेही तसेच. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवावे, हा त्यामागचा हेतू. पण अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते. सर्वांच्या भूगर्भातले पाणी असे एकाच्या शेतात उघड्यावर येते आणि त्यातले काही उन्हाने उडूनही जाते. वीजदरातील सवलतीमुळे उपशाचा खरा खर्च मोटार चालवणाऱ्याला जाणवत नाही, तो भाग वेगळाच.

म्हणून हात घालायचा तो नियमांना आणि माहितीला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून माणसांशी जोडला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर ओलिताइतके पाणी मिळे. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने डोंगरउतारावर चर खणले, नालाबांध घातले आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. एवढे तर इतरही गावांनी केले होते. फरक पडला तो पुढच्या पायरीने: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि दरवर्षी पावसाचे मोजमाप ग्रामसभेपुढे ठेवायचे. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात, मग उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरते. ज्या साठ्याकडे कोणाला पाहता येत नव्हते, तो असा सगळ्या गावाला आकड्यांत दिसू लागला आणि विहीर आटण्याची वाट न पाहता पेरणीचा निर्णय आधीच बदलू लागला.

ही पद्धत सर्वत्र सहज लागू होईल असे मात्र नाही. खडकातल्या भेगा गावाची शीव पाळत नाहीत. एका गावाने संयम ठेवला आणि खालच्या गावाने उपसा वाढवला तर हिशेब बिघडतो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्रानुसार व्यवस्थापनाची तरतूद त्यासाठीच आहे. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायतींनी पाण्याचा ताळेबंद मांडणे अपेक्षित होते. पण हा ताळेबंद पंचायतीच्या कपाटात राहिला तर त्याचा उपयोग शून्य. पावसाळा संपताच, रब्बीची पेरणी होण्याआधी, निरीक्षण विहिरींच्या पातळीसह तो ग्रामसभेत वाचून दाखवला गेला पाहिजे, आणि एकाच पाणलोटातल्या गावांनी तो एकत्र बसून वाचला पाहिजे.