पिट बुल : एका कुत्र्याची बदलती पत

गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून एका विलायती कुत्र्याचे नाव वरचेवर वाचायला मिळते. पिट बुल. कुणी म्हणतो, हा कुत्रा म्हणजे साक्षात काळ. कुणी म्हणतो, याच्यासारखा मायाळू प्राणी नाही. दोघेही शपथेवर सांगतात. तेव्हा हा प्राणी मूळचा कुठला, आणि त्याच्याविषयी लोकांचे मत असे टोकाचे का झाले, हे आज पाहू.

नावातच त्याचा इतिहास आहे. 'बुल' म्हणजे वळू आणि 'पिट' म्हणजे खड्डा. जुन्या इंग्लंडात वळू खुंट्याला बांधायचा, त्याच्या अंगावर कुत्री सोडायची आणि भोवती उभे राहून पैजा लावायच्या, असा एक खेळ चाले. १८३५ साली कायद्याने तो बंद झाला. पण पैज लावणाऱ्याची खोड कायद्याने थोडीच जाते! वळू गेला, आणि खड्ड्यात उंदीर सोडून किंवा दोन कुत्रीच समोरासमोर आणून खेळ चालू राहिला. त्यासाठी दणकट बुलडॉग आणि चपळ टेरिअर यांचा संकर करण्यात आला. तेच या कुत्र्याचे पूर्वज. पुढे ती माणसांबरोबर अमेरिकेत गेली, आणि १८९८ साली तिथल्या युनायटेड केनेल क्लब या संस्थेने त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद सुरू केली.

आता गंमत पाहा. ज्याला आज लोक भितात, तोच कुत्रा त्या काळी अमेरिकेचा लाडका होता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी तिथे एक भित्तिचित्र निघाले. त्यात एकेक देश एकेका कुत्र्याच्या रूपाने दाखवला होता, आणि अमेरिका म्हणून जो कुत्रा होता तो याच घराण्यातला. मी तटस्थ आहे, पण भीत कुणालाच नाही, अशा अर्थाचे शब्द त्याखाली होते. त्याच युद्धात स्टबी नावाचा एक भटका कुत्रा अमेरिकन पलटणीबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर गेला आणि मोठे नाव मिळवून परतला. त्याची जात नेमकी सांगता येत नाही, पण ठेवण पिट बुलसारखीच. त्याचे पेंढा भरलेले शरीर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. लहान मुलांच्या 'अवर गँग' या बोलपटमालेत एका डोळ्याभोवती गोल कडे असलेला पीटी नावाचा कुत्रा होता, तोही पिट बुलच. मुलांच्या सोबतीला हा कुत्रा दाखवताना तेव्हा कुणाला काही वावगे वाटले नाही.

मग बिघडले कुठे? कुत्र्यांच्या झुंजी चोरून चालूच होत्या. १९७६ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने त्यांविरुद्ध कायदा केला, आणि त्या निमित्ताने या कुत्र्याच्या क्रूरपणाच्या कहाण्या घरोघर पोचल्या. दुष्परिणाम असा झाला, की दहशत बसवण्यासाठी कुत्रा हवा असणाऱ्यांना नेमका हाच हवासा वाटू लागला. मागणी वाढली, तशी वाटेल तशी पैदास होऊ लागली, आणि कुत्री नको त्या हातांत गेली. माणसांवर हल्ले झाले, काही जीव गेले. १९८७ च्या जुलैत 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या खपाच्या साप्ताहिकाने दात विचकलेला पिट बुल मुखपृष्ठावर छापून वाचकांना सावध केले. १९८९ साली डेन्व्हर शहराने त्याच्यावर बंदी घातली. इंग्लंडने १९९१ साली कायदाच केला.

काटा पुन्हा फिरला तो २००७ साली. मायकेल व्हिक हा नामांकित फुटबॉलपटू कुत्र्यांच्या झुंजी लावताना सापडला आणि त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर पन्नासाच्या आसपास पिट बुल मिळाले. अशी कुत्री मारून टाकण्याची तोवर रीत होती. या खेपेस मात्र न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची वेगळी परीक्षा करवली. बहुतेक वाचली, अनेक घरात नांदली, काही मुलाबाळांच्या घरातही. पण दोन कुत्र्यांना जन्मभर आश्रयस्थानातच ठेवावे, असाही हुकूम झाला. हा दुसरा भाग प्रेमाने बोलणारे पुष्कळदा गाळतात, म्हणून मुद्दाम सांगितला.

आपल्याकडे 'खाण तशी माती' म्हणतात, ते अगदीच खोटे नाही. धनगराच्या कुत्र्याला मेंढरे राखायला आणि कारवानी कुत्र्याला सशामागे धावायला फार शिकवावे लागत नाही. तसा पिट बुलच्या रक्तातही झुंजीचा वारसा आहेच. परंतु वारसा म्हणजे नशिबाचा लेख नव्हे. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात हजारो कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जातीमुळे समजावून सांगता येतो तो सुमारे नऊ टक्केच, असे त्यात आढळले. शिवाय पिट बुल ओळखणेही सोपे नाही. फ्लॉरिडात १२० कुत्री तपासली, तेव्हा सांभाळणाऱ्या नोकरांनी ६२ कुत्र्यांना पिट बुलच्या जातकुळीची ठरवले. रक्ताच्या तपासणीत निघाली २५. म्हणजे रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांची ही कथा, मग बातमी लिहिणाऱ्याचे काय! याचा जबडा कुलपासारखा बसतो, हीही कंडीच. कुलूप वगैरे काही नसते. मात्र अंगात जोर फार आणि धरलेले लवकर सोडत नाही, त्यामुळे जखम भयंकर होते, हे खरे.

डेन्व्हरच्या मतदारांनी २०२० साली सरसकट बंदी उठवून परवान्याची पद्धत आणली. इंग्लंड उलट दिशेने गेले. तिथे २०२३ च्या अखेरीस 'एक्सएल बुली' या भावकीतल्या कुत्र्यावरही निर्बंध आले.

आपल्या देशात हा प्रश्न नवा आहे, पण त्याची झळ लागलेली आहे. २०२२ साली लखनौत एका वृद्ध बाईंचा घरच्याच पिट बुलने जीव घेतला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गोव्यात एक सात वर्षांचा मुलगा असाच गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने पिट बुलसह तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केले.

आता एखादा म्हणेल, बंदी नाही तर मग आम्ही काय करायचे? तर जनावर पाळणाऱ्याने त्याच्यापासून इतरांना इजा होणार नाही अशी खबरदारी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम पिट बुललाही लागू आहे आणि वस्तीवरच्या गावठी कुत्र्यालाही. गुरुजींनी ते मुलांना अवश्य सांगावे. आणि दिवसभर साखळीला जखडलेल्या कुत्र्याजवळ, मग तो कुठल्याही जातीचा असो, लहान मूल एकटे सोडू नये, हेही त्याबरोबरच सांगावे.